झाकणातली रिंग

झाकण उघडलं की लगेच नाक खुपसायचं नाही,
हे मला कोकिलाबेनने शिकवलं.
थोडा वेळ तोंड उघडं राहू द्यायचं त्याचं,
मग कळतं मुरलेलं काय आणि कालचं काय.

कप उदयचा. मकरपुऱ्याच्या कारखान्याने
दिवाळीत बोनस म्हणून वाटलेला,
कंपनीच्या नावातलं पहिलं अक्षर आता गेलंय.
दुहेरी पत्रा, मध्ये पोकळी.
आत उकळता चहा असो की बर्फ,
बाहेरून हाताला पत्ता लागत नाही.
असे भाऊ असतात हे ठाऊक होतं,
असे कप निघालेत हे नव्हतं.

आत चहाच्या तपकिरी रेघा, एकीखाली एक,
सूरसागरचं पाणी उतरलं की दगडावर राहतात तशा.
त्या सोड्याने जातात.
दोन चमचे खायचा सोडा, कडकडीत पाणी, रात्रभर.
सकाळी मूठभर तांदूळ टाकून खुळखुळवायचं.
तारेची घासणी लावायची नाही,
ओरखड्यात वास घर करतो.
वरच्या गॅलरीतून कोकिलाबेन ओरडली,
अत्यारथी ज गरबा?

डाग गेले. वास नाही गेला.
लिंबू झालं, व्हिनेगर झालं,
गच्चीवरचं दोन दिवसांचं ऊन झालं.
मग केसातली पिन काढून
झाकणातली रबरी रिंग उचकटली.
खाली काळी रेघ,
आणि तो.

आमच्या शहरात दारू मिळत नाही,
असं सरकार म्हणतं.
उदय रोज संध्याकाळी कमाटीबागेत
फिरायला जायचा, कपात चहा घेऊन.
शर्ट धुताना खिशात लवंगा सापडायच्या,
भिजून फुगलेल्या.
मग लेथने करंगळीचं पेर नेलं
आणि तो थांबला.
सात महिने झाले.
दर बुधवारी फतेहगंजला, चर्चच्या मागच्या खोलीत,
गोल करून बसतात म्हणे सगळे,
आणि चहा पितात. खराखुरा.

तर हा वास सात महिन्यांपूर्वीचा
की सात दिवसांपूर्वीचा?
स्टीलला विचारून उपयोग नाही, ते धुतलं की कोरं.
रबर धरून ठेवतं,
पण तारीख घालत नाही.

रिंग व्हिनेगरच्या पाण्यात उकळली.
दोरीवर चिमटा लावून टांगली तीन दिवस,
त्याच्या बनियनशेजारी.
तो पितळेच्या फुलपात्रातून चहा प्यायला,
कप कुठेय विचारलं नाही.
का विचारलं नाही,
यावर मी एक दुपार घालवली.

रविवारी रिंग बसवली, झाकण फिरवलं,
उघडलं, थांबले, हुंगलं.
कशाचाच वास नाही.
नळाच्या पाण्याचाही नाही.
हात पुसता पुसता लक्षात आलं,
आता जे येईल ते नवंच असणार.
घासताना हे सुचलं नव्हतं मला.

सोमवारी चहा भरताना
एक लवंग घालावी असं वाटलं.
काहीतरी वास असलेला बरा,
म्हणजे दुसरा कुठला शोधावा लागत नाही.
हातात धरली होती.
पण ही युक्ती त्याची होती.
परत डब्यात टाकायची राहिली,
दिवसभर पदराच्या गाठीत.

सव्वासातला स्कूटर लागली.
कप ओट्यावर ठेवून तो आंघोळीला गेला,
नेहमीपेक्षा कमी बोलला की जास्त,
मला सांगता येणार नाही.
बादलीत पाणी पडतंय.
कप हातात. बाहेरून थंड.
कोकिलाबेन म्हणते तसं
उघडून थोडं थांबायचं आहे.

मी गाठ सोडली,
लवंग दाढेखाली घेतली, चावली,
जीभ बधिर होईतो चावली,
मग झाकण फिरवलं.